फारोचं वाचा ना, बाई

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या चर्चच्या मंडळीची नाताळच्या गाण्यांची, कॅरलची, फेरी नदीकाठच्या वीटभट्टीवर गेली. एरवी आम्ही कॉलनीतल्या घराघरांतून गाणी म्हणत फिरतो, करंज्या-लाडू खातो आणि अकरापर्यंत घरी परततो. त्या वर्षी तरुण संघातल्या एका मुलाने सांगितलं, की भट्टीवर जालन्याकडची चार-पाच घरं आपली आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांच्याकडे कुणीच जात नाही. म्हणून गेलो.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बांबूला टांगलेल्या एका दिव्याखाली एक बाई उकिडवी बसून विटा थापत होती. गाऱ्याचा गोळा उचलायचा, राखेत घोळवायचा, साच्यात आपटायचा, वर आलेला गारा हाताने निपटून काढायचा, साचा उलटा करायचा आणि अलगद उचलायचा. ओळीत एक वीट वाढली. नवरा पलीकडे गुडघाभर चिखलात गारा तुडवत होता. दोन पोरं गोणपाटावर झोपली होती. आम्ही गायला लागलो तरी तिचे हात थांबले नाहीत. दुसऱ्या कडव्याला मात्र तीही म्हणू लागली. शब्द तिला पाठ होते.

पाळकसाहेबांनी लूकमधला मेंढपाळांचा भाग वाचला, प्रार्थना केली, आम्ही फराळाचे पुडे दिले. निघता निघता ती मला म्हणाली, "बाई, ते फारोचं वाचा ना. विटांचं."

निर्गम म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या, आजच्या इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचं बायबलमधलं पुस्तक. नाताळच्या रात्री ते कुणी वाचत नाही. पण तिने मागितलं होतं, म्हणून मोबाइलच्या उजेडात मी पाचवा अध्याय काढला. लोकांचा पुढारी मोशे मिसरच्या राजाकडे, फारोकडे, जाऊन लोकांना सोड म्हणतो. फारो चिडतो आणि हुकूम काढतो, की आजपासून विटांसाठी लागणारं गवत ह्यांना द्यायचं नाही. ते ह्यांनीच शोधून आणायचं, आणि विटांचा आकडा मात्र एकानेही कमी होता कामा नये. लोक आळशी झालेत, म्हणून सुटीची भाषा करतात, असं तो म्हणतो. हे मी किती वेळा वाचलं असेन, शिकवलंही असेल. पण वाचता वाचता 'मुकादम' हा शब्द आला आणि माझी जीभ अडखळली, कारण मुकादम तिथेच उभा होता. मफलर गुंडाळून, हाताची घडी घालून ऐकत होता. जमलेल्या पाच-सहा जणांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी त्यांना मान खाली घालावी लागली, एवढंच.

अध्याय संपला. तिने विचारलं, "मग पुढं सुटले ना ते?"

"सुटले."

"किती वर्सांनी?"

मी गप्प राहिले. मागून तरुण संघातला मुलगा म्हणाला, "चारशे तीस वर्षं होते मिसरात."

"लईच की," ती म्हणाली आणि तिने साचा उचलला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिसऱ्या पिढीची नव्हे, चौथ्या पिढीची ख्रिस्ती आहे. 'तारण' हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला असेल तितक्या वेळा बहुधा स्वतःचं नावही उच्चारलं नसेल. आणि त्या बाईने 'सुटले ना' असं विचारलं तेव्हा मला कळलं, की तिचा प्रश्न आणि माझा शब्द ह्यांची कधी गाठच पडली नव्हती.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात बिगार आहे, मुकादम आहे, नायक आहे, जू आहे. ज्यांनी हे भाषांतर केलं त्यांना हे शब्द दूर जाऊन शोधावे लागले नाहीत. गावगाड्यात ते होतेच. 'मुकादम' हा शब्द तर अजूनही तसाच्या तसा चालतो. दसऱ्या-दिवाळीच्या आधी मुकादम वस्तीवर येतो, नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो, आणि मग ती उचल फिटेपर्यंत ती जोडी त्याची. ऊसतोडीला कोयत्याच्या हिशेबाने, भट्टीवर हजार विटांच्या हिशेबाने. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हिशेब होतो आणि बहुतेक वेळा थोडी बाकी निघतेच. ती पुढच्या वर्षावर जाते.

'खंडणी' ह्या शब्दाचंही असंच. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं आम्ही वाचतो. वर्तमानपत्रातली खंडणी वेगळी, त्यामुळे आजच्या मुलांना हा शब्द दचकवतो. पण मूळ अर्थ उचलीच्या जवळचा आहे. कुणी देण्यापायी अडकलाय, त्याच्या वतीने दुसऱ्याने भरायचं आणि त्याला मोकळं करून न्यायचं. बायबलातल्या लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हा रीतसर कायदा म्हणून येतो. तुझा भाऊ गरिबीपायी स्वतःला विकून बसला तर त्याच्या भावाने, चुलत्याने, चुलतभावाने त्याला सोडवावं. आणि कुणीच सोडवलं नाही तरी पन्नासाव्या, योबेलच्या वर्षी तो मुलाबाळांसह सुटावा. 'सोडवणारा' हा शब्द पुढे देवाला लागला, पण तो आधी नातेवाइकाचा शब्द होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देवाने स्वतःला त्या लोकांचा नातेवाईक म्हणवून घेतलं.

लहानपणी शब्बाथ शाळेत आम्हाला शिकवलं होतं ते असं: मिसर म्हणजे पाप, फारो म्हणजे सैतान, दुभंगून लोकांना वाट देणारा तांबडा समुद्र म्हणजे बाप्तिस्मा, देवाने वचन दिलेला कनान देश म्हणजे स्वर्ग. हे खोटं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना समुद्रातून जाण्याला बाप्तिस्माच म्हटलंय. प्रभूने शेवटचं भोजन घेतलं ते वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या आठवणीच्या, सणाच्या दिवसांत, तेव्हा त्याच्या मरणाचा अर्थ मिसरातून सुटण्याशी जोडलेला आहे, आणि प्रत्येक प्रभुभोजनाला मी तोच घास घेते. पण आम्ही अर्थ घेतला आणि विटा टाकून दिल्या. मग ज्याच्या हातात खरोखरच्या विटा आहेत त्याच्यापुढे आमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

विटा खऱ्या होत्या. इजिप्तमधल्या थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवर विटा पाडणारे कैदी रंगवलेत. एक तळ्यातून पाणी भरतोय, एक गारा कालवतोय, एक साचा उलटा करतोय, आणि बाजूला हातात काठी घेऊन एक जण बसलाय. त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला साच्याचीच ओळख पटली. तोच लाकडी साचा, तीच मुठीची पकड. त्या काळच्या विटांवर राजाच्या नावाचा शिक्काही असे. आमच्या भट्टीवरच्या विटेवर मधल्या खळग्यात मालकाच्या नावाची आद्याक्षरं उठलेली असतात. थापणारीचं नाव तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

आणि ही गोष्ट फक्त आत्म्याची नाही, हे गुलामांच्या मालकांना आमच्यापेक्षा बरं कळलं होतं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक वेगळी प्रत छापली गेली. तीत जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला होता. योसेफाची गोष्ट ठेवली, कारण तो गुलामीतही इमानी राहिला. मोशेने लोकांना फारोच्या हातून सोडवल्याची गोष्ट काढून टाकली. दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्यही काढलं. निर्गम म्हणजे नुसतं मेल्यानंतरचं सुख असतं, तर ते गाळायची कुणाला गरज पडली असती?

आता जे लिहिणार आहे ते माझ्या घरचं आहे.

माझा थोरला भाऊ दारूत होता. पंधरा वर्षं. एका उपवास-प्रार्थनेच्या सभेत तो पुढे गेला, डोक्यावर हात ठेवले गेले, तो रडला, आम्ही सगळे रडलो. त्या रात्री त्याची सुटका झाली असं जाहीर झालं. पुढच्याच आठवड्यात त्याला साक्ष द्यायला उभं केलं. मग दुसऱ्या गावच्या सभेत, मग तिसऱ्या. चौथ्या महिन्यात तो पुन्हा प्याला. आम्ही ते लपवलं. त्याला व्यासपीठावर नेणारे होते ते घरी आले आणि त्याच्या बायकोसमोर म्हणाले, "देवाने सोडवलं होतं, ह्याचा विश्वास कमी पडला." तो मान खाली घालून बसला होता. मीही तिथे होते आणि मी काही बोलले नाही. ते न बोलणं मला अजून सलतं.

तेव्हा मला निर्गमाचा सहावा अध्याय नीट माहीत असता तर मी बोलले असते. देव मोशेला सांगतो, जा, लोकांना सांग की मी तुम्हाला बाहेर काढणार आहे. मोशे सांगतो. आणि लोक ऐकत नाहीत. का, तर मन खचलेलं होतं आणि दास्य फार कठोर होतं. शास्त्र त्यांना अविश्वासू म्हणून दटावत नाही. कारण सांगून पुढे जातं. आणि देव तरीही त्यांना काढतो. त्याआधी दुसऱ्या अध्यायात तर ह्याहून मोठी गोष्ट आहे, जी माझ्या डोळ्यांसमोरून पन्नास वर्षं निसटली होती. लोक दास्यामुळे कण्हत होते, त्यांनी आकांत केला, आणि तो आकांत वर देवापर्यंत गेला. त्यांनी देवाला हाक मारली असं तिथे म्हटलेलं नाही. ते नुसते ओरडले. वेदनेने माणूस ओरडतो तसे. त्या ओरडण्यावर पत्ता नव्हता, आणि तरी ते पोचलं.

माझ्या भावाचा विश्वास कमी पडला असेल. पडू दे. मिसरातल्यांचा कुठे पुरला होता?

नंतर तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, दोनदा. आज त्याला अकरा वर्षं झाली. रोज संध्याकाळी सहा वाजता तो घरातून निघतो आणि स्टेशनापर्यंत चालत जाऊन येतो, कारण सहा ते साडेसात ही त्याची जुनी वेळ. पावसात छत्री घेऊन जातो. माझ्या मुलीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा सहा वाजले होते आणि मामा कुठे दिसेना. तो चालायला गेला होता. साडेसातला आला, फेटा बांधला आणि उभा राहिला. त्या सभेत देव भेटला नव्हता असं तो म्हणत नाही. त्या रात्री समुद्र दुभंगला होता, असंच तो मानतो. पण पलीकडे अरण्य आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. होरेब डोंगरापासून कनानच्या सीमेजवळच्या कादेश-बर्ण्यापर्यंत वाट अकरा दिवसांची, असं बायबलातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकात लिहिलंय, आणि ह्या लोकांना वचनाच्या देशात शिरायला चाळीस वर्षं लागली. अरण्यात देव पुरवायचा ते अन्न म्हणजे मान्ना, तो रोजचा रोज वेचायचा. उद्याचा साठवला तर त्यात किडे पडायचे. माझ्या भावाची संध्याकाळची फेरी मला त्या मान्नासारखी वाटते.

आज आमच्या चर्चांतून 'सुटका' हा शब्द बहुतेक वेळा एका रात्रीच्या चमत्कारासाठी वापरला जातो. मोठा मंडप, मोठा आवाज, पुढे आलेली माणसं. मी चमत्कार नाकारत नाही, मला कुणाच्याही श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण ज्याला सोडवलं त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोण चालणार, हे त्या मंडपात ठरत नाही, आणि ह्याचा मला मनापासून राग येतो.

ह्या सगळ्या विचारात असताना मी केडगावला गेले होते. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. आमच्याकडे रमाबाईंबद्दल बोलताना लोक एक तर त्यांची विद्वत्ता सांगतात, नाही तर त्यांचं धर्मांतर. मला त्या 'मुक्ती' ह्या नावासाठी आठवतात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ त्यांना ऐकून माहीत नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले होते, उपाशी पोटी त्यांनी स्वतः मैलोन्‌मैल पायपीट केली होती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात एवढ्यांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून केडगावच्या माळावर. 'मुक्ती' हे नाव यशयाच्या साठाव्या अध्यायातलं आहे. तू आपल्या तटांना तारण म्हणशील, असं तिथे म्हटलंय.

तट म्हटला की आपल्याला कोंडणं आठवतं. त्या तटाच्या आत विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, तेलाची घाणी आली, छापखाना आला. अंध बायकांना ब्रेल शिकवलं गेलं. आदल्या वर्षी रस्त्याच्या कडेला मरायला टाकलेली मुलगी खिळे जुळवायला शिकली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, आणि ते त्याच छापखान्यात त्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. १९२२ साली, मरणाच्या थोडं आधी, त्यांनी ते काम पुरं केलं. सुटका झालेल्या बाईच्या हातात तिच्या सुटकेची गोष्ट, तिच्याच बोलीत, तिनेच जुळवलेल्या अक्षरांत. मी त्या आवारात उभी होते आणि मला भट्टीवरची ती आठवत होती. तिला हात होते, पाठांतर होतं, आणि फारोची गोष्ट वाचून दाखवायला मी लागले होते.

रमाबाईंचं आणखी एक. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांच्याशीच त्यांचे वाद झाले. काय मानायचं, कुणाचं ऐकायचं ह्यावर. तेव्हा त्यांनी पत्रात कळवलं, की पुरोहितवर्गाच्या जुवातून मी मोठ्या कष्टाने मान काढून घेतलीय, आता तसल्याच दुसऱ्या जुवाखाली ती द्यायची माझी तयारी नाही. गलतीकरांना पौल हेच सांगतो: मोकळे झालात ना, मग दास्याच्या जुवाखाली पुन्हा सापडू नका. ते दुसरं जू चर्चचंही असू शकतं, हे ओळखायला रमाबाईंची छाती लागते.

माझे पणजोबा शेवगावकडचे. दुष्काळात मिशनच्या कामावर गेले आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला. गावात त्यांच्याकडे येसकरकी होती. हाक आली की काठी घेऊन धावायचं, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ते त्यांनी सोडलं. 'भाकरीसाठी बाटले' हे शब्द आमच्या घराने तीन पिढ्या ऐकले. आजी ते सांगताना रडायची. मी आता रडत नाही. बायबलातला देव भाकरीपासून वेगळा होता तरी कधी? समुद्र ओलांडल्यावर त्याने पहिलं काम केलं ते कडू पाणी गोड करायचं आणि दुसरं भाकरी पुरवायचं. उपाशी माणूस भाकरीच्या वासाने देवाकडे आला असेल तर त्यात लाज कशाची? लाज असलीच तर ती ज्यांनी आयुष्यभर राबवून शिळा तुकडा दिला त्यांची.

पण दुसरी गोष्टही सांगायला हवी. पणजोबांनी काठी ठेवली, तरी जात त्यांच्या मागोमाग चर्चच्या बाकापर्यंत आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. ते सरकारदरबारचं. आमच्या घरातलं काय? माझ्या मुलीचं स्थळ बघताना एका विश्वासू, प्रार्थनाशील कुटुंबाने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही मूळचे कोणातले?" मिसरातून निघून शंभर-सव्वाशे वर्षं झाली आणि आम्ही अजून एकमेकांना मिसरातल्या वाड्यावस्त्यांची नावं विचारतो.

भट्टीचं पुढे असं झालं. फेब्रुवारीत त्या बाईची सासू वारली. माणसांना गावी जायचं होतं. चाळीस हजारांची उचल शिल्लक होती, म्हणून मुकादम म्हणाला, नवऱ्याने जावं, बाई आणि पोरं इथेच राहतील. तरुण संघातल्या त्या मुलाने मंडळीत सांगितलं. कमिटी बसली. एक म्हणाले, हे आपलं काम नाही, आपलं काम आत्म्याचं. दुसरे म्हणाले, वर्गणी काढून चाळीस हजार भरून टाकू. आमचे खजिनदार पोस्टातून निवृत्त झालेले, फार कमी बोलणारे. ते म्हणाले, "भरायचे कशाला? १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचं देणंच रद्द होतं. असं देणं वसूल करणं हाच गुन्हा आहे." आणि थोडं थांबून म्हणाले, "पण कुणीतरी नातेवाईक म्हणून जायला पाहिजे."

आम्ही चौघं गेलो. तहसीलला अर्ज, जबाब, चकरा. जबाबावर तिचा अंगठा घेतला तेव्हा कागदावर नुसता निळा डाग उठला, रेषाच नाहीत. कारकुनाने पुन्हा घ्यायला लावला. पुन्हा तसाच. राखेत आणि गाऱ्यात रेषा झिजून गेल्या होत्या. त्या दोन महिन्यांत भट्टीवर त्यांचे हाल वाढले. पाण्याचा ड्रम बंद झाला, आठवड्याची खर्ची बंद झाली. एकदा तिचा नवरा मला म्हणाला, "तुम्ही नसता आला तर बरं झालं असतं." पाचव्या अध्यायात इस्राएलांचे नायकही मोशेवर असेच उलटतात, तुमच्यामुळे आमचे हाल वाढले म्हणून. मला तो अध्याय पाठ होता आणि तरी ते वाक्य ऐकून मी घरी येऊन रडले.

एप्रिलमध्ये ती माणसं एसटीत बसून गेली. आम्ही चर्चमध्ये साक्ष दिली, टाळ्या झाल्या, स्तुतिगीत झालं.

दिवाळीनंतर ती पुन्हा भट्टीवर आली. ह्या नाही, दुसऱ्या. नवी उचल घेऊन.

मी भेटायला गेले तेव्हा माझ्या मनात राग होता, हे मी कबूल करते. अरण्यात लोक म्हणू लागले, मिसरात मासे होते, काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदे होते, लसूण होता. ते वाचताना मला नेहमी त्या लोकांची चीड यायची. तसलीच चीड घेऊन मी तिच्यासमोर उभी होते. ती म्हणाली, "बाई, गावाला खायाचं काय?" साधा प्रश्न होता.

घरी येऊन मी अनुवादाचा पंधरावा अध्याय काढला. सहा वर्षं राबलेला दास सातव्या वर्षी मोकळा करशील तेव्हा त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. आपल्या कळपातलं, आपल्या खळ्यातलं, आपल्या द्राक्षकुंडातलं त्याला सढळ हाताने दे. तू मिसरात दास होतास हे आठव. आम्ही तिला एसटीचं तिकीट काढून दिलं होतं, आणि पोरांना बिस्किटांचे पुडे. बाकी रिकाम्या हातानेच पाठवलं होतं. टाळ्या आम्ही स्वतःसाठी वाजवल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी हे मंडळीत उभं राहून सांगितलं. काहींना आवडलं नाही. खजिनदार उठले आणि त्यांनी नाताळच्या सजावटीचे पैसे दुसऱ्या खात्यात टाकायची सूचना केली. मग बराच वाद झाला, तो इथे सांगत बसत नाही. थोडं जमलं. आधी त्या नव्या उचलीचा प्रश्न सोडवला, ह्या वेळी कागद तयार होते म्हणून लवकर सुटला. मग दोन शेळ्या आणि बियाण्याचे पैसे. तिच्या गावच्या एका शेतकऱ्याने एक एकर निम्म्या वाट्याने कसायला दिलं. ते आम्ही मिळवून दिलं नाही, तिच्या नवऱ्याने मिळवलं.

ह्या वर्षी दिवाळी झाली, दत्तजयंती जवळ आली, तरी ती कुठल्या भट्टीवर दिसली नाही. परवा तिचा फोन आला. मागे शेळी ओरडत होती आणि पोरगा मोठ्याने पाढे म्हणत होता. शाळेत नाव घातलंय म्हणाली. पाऊस जरा उशिरापर्यंत पडला, दोन वाफे बसले, पण बाकीचं चांगलं आहे.

"काय लावलंय?" मी विचारलं.

"कांदा," ती म्हणाली. "बाई, पुण्यात काय भाव चाललाय?"